पुस्तकात नसलेले सात उतारे

परभणी, १२ नोव्हेंबर १९८६

धुरपदा,

पत्राला एक कारण असावं लागतं, माझ्याकडे सात आहेत.

तू नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलीस आणि आठवड्याच्या आत चंद्रभान सरांनी मला बोलावून घेतलं. ते माझे मार्गदर्शक आहेत याची एरवी त्यांनाच आठवण करून द्यावी लागते. त्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. माझा एम.फिल.चा लघुप्रबंध वाचून बाहेरच्या परीक्षकांनी कळवलंय की, 'गोदाकाठचे बाजार' या जुन्या पुस्तकातून घेतले म्हणून मी जे उतारे दिलेत, त्यातले सात त्या पुस्तकात नाहीतच. त्यांनी पानं उलटून पाहिली, मागची पाहिली, पुढची पाहिली. नाहीत. म्हणजे ते मी रचले. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आहे. तोवर खुलासा दिला नाही तर प्रबंध रद्द, वर लबाडीचा शेरा. आंधळ्या बाईला नोकरी द्यायला लोक आधीच नाखूश, त्यात तो शेरा पाहिल्यावर मला दारात कोण उभं करील?

ते पुस्तक मी कसं वाचलं हे तुला सांगायला नको. ग्रंथालयात कार्डांचे ड्रॉवर मी चाचपून पाहिले तर सगळी कार्डं सारखीच गुळगुळीत. नागनाथराव ग्रंथपाल म्हणाले, "ताई, कार्डं मळायलीत." पुस्तक बाहेर न्यायचं नाही असा शिक्का, आणि आत मोठ्यानं वाचायचं नाही अशी पाटी. माझ्यासारखीनं करावं काय? शेवटी त्यांनीच रद्दीच्या खोलीची किल्ली दिली. तिथं आठ महिने तू वाचत होतीस आणि मी टेप चालू ठेवून ऐकत होते. घरी येऊन कॅसेट लावायची, थांबवायची, टाइप करायचं. चौदा कॅसेटी झाल्या. त्यात जे आहे तेच मी लिहिलं, एक अक्षर पदरचं नाही.

मग ते सात उतारे आले कुठून? चौथ्या प्रकरणातला हाच बघ: "बाजार उठताना स्त्रिया आपल्या टोपलीतील अखेरची ओंजळ शेजारणीच्या टोपलीत ओतीत व तिची आपण घेत. रिकामी टोपली घरी नेणे त्या अशुभ मानीत." परीक्षक लिहितात, सबंध प्रबंधात हाच भाग वाचण्यासारखा आहे, पण तो पुस्तकात नाही. यावर हसावं की रडावं?

तू दुसरं एखादं पुस्तक मध्येच वाचलंस का? त्या खोलीत रद्दी खूप होती. आठवेल तेवढं लिही. आपलं शेवटचं बोलणं नीट झालं नाही, ते मी मनात ठेवलेलं नाही. तूही ठेवू नकोस.

पंचफुला

ता. क. टाइप केलेलं मला परत वाचता येत नाही. काही राहिलं असेल किंवा दोनदा आलं असेल, तर समजून घे.


परभणी, ३ डिसेंबर १९८६

धुरपदा,

तुझं उत्तर नाही. पत्ता चुकला असेल असं आधी वाटलं. पण तुझ्या इथल्या मामांकडूनच तो घेतलाय आणि कारखान्यावर टोळीच्या मुकादमाच्या नावाने पत्र जातं म्हणतात.

इथं बी.ए.ची एक मुलगी आता मला वाचून दाखवते. रुख्मिणी वहिनी मला ग्रंथालयापर्यंत सोडते, ती परत जाते आणि ही वाचते. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तसं तिचं वाचन असतं, पण पानाचा आकडा सांगून, आहे तसं वाचते. राणीसावरगावच्या बाजाराबद्दल पुस्तकात काय आहे माहीत आहे? "येथे स्त्रियाही धान्य विकतात." संपलं! आणि तुझ्या सहाव्या कॅसेटमध्ये त्याच जागी पाच मिनिटं बायकांची रांग, टोपल्या, पदर, ओंजळ.

दुसरी गंमत ऐक. यात्रेत पटकी आली आणि माणसं पटापट गेली, असं एक पान आहे. पुस्तकात प्रकरण तिथंच थांबतं. तुझी पाचवी कॅसेट मात्र "पुढील साली बाजार पुन्हा पूर्ववत भरला" या वाक्यावर संपते, आणि ते वाक्य चार पानं पुढचं आहे! नवव्या कॅसेटीचं तेच, अकरावीचं तेच. प्रत्येक कॅसेट कुठल्यातरी बऱ्या वाक्यावर संपते. मी चक्रावून गेलेय. पानंच खालीवर बांधलेली दुसरी प्रत होती का? की तुला कंटाळा आला होता? की हिला कुठं दिसतंय, असं म्हणून तू माझी थट्टा केलीस?

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. खोडायला गेले तर भलतंच खोडलं जाईल, म्हणून राहू देते.

सरांनी एक वाट काढली आहे. वाचून दाखवणारीनं चूक केली असा तिचा लेखी जबाब जोडला, तर मी सुटते. सात उतारे गाळायचे आणि मामला मिटवायचा. जबाब मीच टाइप करून सोबत पाठवलाय: 'वाचन करताना मी स्वतःच्या मनाने मजकूर घातला व ही गोष्ट पंचफुलाताईंपासून लपवली, असे मी लिहून देते.' खाली सही कर आणि परत पाठव. तुला काही होणार नाही. तू कॉलेजात नोकरीला थोडीच आहेस.

सही करशील ना?

पंचफुला


परभणी, ८ जानेवारी १९८७

धुरपदा,

पाकीट आलं. वहिनीला विचारलं, सही आहे का? ती म्हणाली, "हाय की. सौ. धुरपदा सटवाजी, झोकात केलीय." पाकीट हलवून बघितलं, दुसरा कागद नव्हता. दुपारीच सरांच्या हातात जबाब दिला. ते म्हणाले, "सुटलात." घरी पेढे आले. दादा आठवड्यात पहिल्यांदा हसला.

मग मला बरं का वाटत नाही?

लबाड माणूस इतक्या सहज सही करत नाही. आधी भांडेल, निदान दोन ओळींत शिव्या घालेल. तू नुसती सही करून कागद पाठवलास. रागानं केलीस? की उसाच्या फडात उभ्या उभ्या, न वाचताच केलीस? पण तू तर किराणामालाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हतीस! मी तर्क लढवते आणि संध्याकाळपर्यंत आपलाच तर्क आपल्याला पटेनासा होतो. वहिनी म्हणते, "काम झालं ना? आता कशाला उकरायलीस?"

तिचं बरोबर असेल. पण एकदा राणीसावरगावला जाऊन तुझ्या वडिलांना भेटावं असं मनात आहे. संक्रांतीचं निमित्त आहेच.

पंचफुला


परभणी, १९ जानेवारी १९८७

धुरपदा,

तुझ्या घरी जाऊन आले. दादा सोबत होता. नामांतराच्या मोर्चामुळे गंगाखेडच्या पुढं गाड्या दोन तास अडल्या, पोचायला दुपार टळली. तुझ्या वडिलांनी, आश्रुबाबांनी, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असेल आणि मी त्यांच्याकडे. दोघांनाही काही दिसलं नाही. ते म्हणाले, "या बाई, आपली भावकीच हाय."

मी आडवळणानं विचारलं, धुरपदा वाचायला कुठं शिकली? ते खुलले. म्हणाले, "शाळंत अक्षरं शिकली. वाचायला माझ्याजवळ शिकली. श्रावणात मी मारुतीच्या देवळात पोथी वाचायचो. डोळे गेल्यावर तीच वाचायची आन मी अर्थ सांगायचो. लग्नाआधी दोन वरसं तर अर्थ बी तीच सांगायची. लोक डोलायचे!"

"पोथीत नसलेलं सांगायचं?" मी विचारलं.

"आता बघा! नुस्तं वाचून सोडलं तर ऐकणाराच्या पदरात काय पडलं? जिथं पोथी मुकी, तिथं वाचणारानं बोलायचं. आन वंगाळ जागी पोथी थांबवायची न्हाई. कुणाचं मरण आलं, दुष्काळ आला, तर तसंच पुढं वाचत जायचं. चांगली ओवी आली की मग खुणंचा दोरा घालून पोथी मिटायची. न्हाईतर ऐकणारा तसलंच मनात घिऊन घरला जातो."

धुरपदा, मला तिथंच उलगडलं. निजामाच्या काळातल्या बाजारांचं ते रुक्ष पुस्तक तू मला पोथी म्हणून वाचून दाखवलंस! मी पटकीवर थांबून घरी जाऊ नये, म्हणून चार पानं पुढं जाऊन मला चांगल्या वाक्यावर सोडलंस. आणि मी सरांना काय सांगत होते?

पण खरी गोष्ट निघताना घडली. तोवर तुझी आई चुलीपाशीच होती, फारसं बोलली नव्हती. मी उठले तशी जवळ आली. माझ्या पिशवीत ओंजळभर बोरं घातली आणि म्हणाली, "आता तुमची द्या." मला कळेना. "तुमच्या पिशवीतलं काय बी द्या बाई. बाजारात आमचं असंच व्हतं. बुडाची वंजळ शेजारणीला द्यायची, तिची आपुन घ्यायची. रिकामी टोपली घरला न्यायची न्हाई." मी पिशवीत चाचपून तिळगूळ काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिची बोटं खरखरीत होती. मी विचारलं, "चतुराबाई, तुम्ही बाजारात बसायच्या?" तर म्हणाली, "आठ वरसाची व्हते तवापून. धुरपदानं सांगितलं न्हाई तुमाला? दर बाजारी मला इचारून जायची. ताईला पायजे म्हनायची."

ताईला पायजे.

आपलं शेवटचं बोलणं मी आजवर 'नीट झालं नाही' एवढ्यावर भागवत आले. काय झालं होतं ते आता लिहिते, म्हणजे ते माझ्याही समोर राहील. चौथं प्रकरण टाइप झालं त्या दिवशी तू विचारलंस, "ताई, यात माझ्या आईचं नाव यील का?" आणि मी म्हणाले, "तुला वाचायला ठेवलंय, तेवढं कर. तुझ्या आईचा माझ्या प्रबंधाशी काय संबंध?" तू "बरं" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली नागनाथरावांकडे ठेवून गेलीस ती गेलीसच.

मला वाटलं होतं, लहान माणसाला जरा जवळ केलं की डोक्यावर बसतं. आमच्या घरात असंच म्हणतात.

आता जबाब सरांच्या फायलीत आहे. मी काय करावं ते मला कळत नाही. तू बोलायला हवं होतंस, असं एकदा मनात येतं. बोलली तर होतीस, असं मग येतं.

पंचफुला


परभणी, ९ फेब्रुवारी १९८७

धुरपदा,

परीक्षा परवा आहे. सर म्हणतात, काही बोलू नका. विचारलं तर 'वाचकाने फसवलं' एवढंच म्हणा.

काल सहावी कॅसेट पुन्हा लावली. दहादा ऐकली असेल आधी, पण टाइप करण्यासाठी. तू सगळंच तुमच्या बोलीकडे वळवून वाचतेस असं मी धरून चालले होते. त्यामुळे 'बाया बसायच्या' असं ऐकू आलं की माझी बोटं 'स्त्रिया बसत असत' असं टाइप करून पुढं. या वेळी टाइपरायटर झाकून ठेवला आणि नुसती ऐकत बसले.

तू वाचतेस, "येथे स्त्रियाही धान्य विकतात." मग तू थांबतेस. पान उलटल्याचा आवाज येतो. आणि कुणीतरी म्हणतं, "मग?"

तो आवाज माझा आहे.

मी टेप मागं नेली, पुन्हा ऐकली. "मग?" त्यावर तू सुरू होतेस, बायांची रांग येगळी असायची म्हणून. मी सातही जागा काढल्या. जेवायला हाक आली तरी उठले नाही. सातही ठिकाणी पुस्तक थांबतं, मी "मग?" म्हणते, आणि तू सांगतेस. एका ठिकाणी तर मी दोनदा म्हटलंय, आणि तूच म्हणतेस, "थांबा ताई, बाजाराला गेले की आईला इचारून सांगते." पुढच्या कॅसेटीच्या सुरुवातीला तू सांगितलंस आणि मी टाइप केलं! माझा स्वतःचा आवाज ओलांडून मी पुढं गेले. तुझं 'इचारून' मला ऐकू आलं नाही की आलं आणि सोडून दिलं, देव जाणे.

म्हणजे लपवलं कुणी? तुला वाटत होतं मला माहीत आहे. मला वाटत होतं तू वाचतेस. आणि सही तुझी घेतली.

हे परवा बोलले तर प्रबंध जातो. जूनमध्ये कॉलेजात जागा होण्याचं चाललंय, तीही जाते. नाही बोलले तर तू कायमची लबाड. मी टेप पिशवीत भरून ठेवलाय. नेईन की नाही, माहीत नाही. तू असतीस तर तुला विचारलं असतं, हेही किती विचित्र आहे.

पंचफुला


परभणी, १४ फेब्रुवारी १९८७

धुरपदा,

परीक्षा झाली. जसं झालं तसं लिहिते.

बाहेरचे परीक्षक वयस्कर होते, खोकत होते. आधी प्रश्न विचारले, मला सगळे आले. मग म्हणाले, "फायलीत एक जबाब आहे, तो नोंदीसाठी वाचून घेऊ." तो कागद मीच टाइप केलेला, पण तो मोठ्यानं वाचलेला मी कधी ऐकला नव्हता. सही वाचली आणि ते म्हणाले, "खाली पेनानं काहीतरी आहे." सर लगेच म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही, सर."

मी म्हणाले, "काय आहे?"

त्यांनी वाचलं. तू लिहिलंस तसंच, अडखळत: "ताई, तोडणी झाली की ट्रक भरूस्तोवर फडात बसून ऱ्हावं लागतं. वाचायला काही न्हाई. एखांदं पुस्तक असलं तर धाडा. फाटकं चालंल."

धुरपदा, महिनाभर तो कागद सरांच्या कपाटात होता. मी तुला लबाड ठरवायला कागद पाठवला, आणि तू त्यावर माझ्याकडे पुस्तक मागितलंस.

मला रडू आलं. परीक्षेत रडू नये, पण आलं. मग मी पिशवीतून टेप काढला. सर म्हणाले, "हे काय?" मी म्हणाले, "हा जबाब खोटा आहे. मी लिहिलाय. खरा यात आहे." सहावी कॅसेट लावली. "मग?" ऐकू आल्यावर परीक्षकांनी स्वतः हात पुढं करून टेप थांबवला, पुन्हा लावायला सांगितला. मग मी तुझं नाव सांगितलं, चतुराबाईचं सांगितलं, आश्रुबाबांच्या पोथीचं सांगितलं. आईच्या नावाबद्दल तू काय विचारलं होतंस आणि मी काय म्हणाले होते, तेही सांगितलं. ते न सांगता भागलं असतं.

परीक्षक खूप वेळ खोकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, पुस्तकाचा आधार गेला. हा प्रबंध मला पास करता येत नाही. चौथं प्रकरण नव्यानं लिहा, सांगणाऱ्यांच्या नावानिशी. वर्षभरानं बघू." लबाडीचा शेरा मारणार नाही म्हणाले. जबाब परत मागितला तर दिला, तो मी तिथंच फाडला. पण तुझी ओळ असलेला तुकडा आधी परीक्षकांकडून वेगळा काढून घेतला. सरांनी जाताना मला दरवाजापर्यंतही सोडलं नाही. जूनची जागा गेली. दादा बोलत नाही.

घरी येऊन वहिनीला विचारलं, खालची ओळ का वाचली नाहीस? ती म्हणाली, "तू काय इचारलंस? सही हाय का. हाय म्हनलं." थोड्या वेळानं म्हणाली, "आन अशा बायांना एक दिलं की दुसरं मागतेत, म्हणून सोडलं." मी तिच्याशी भांडले नाही. मी तरी काय वेगळं केलं होतं?

चौथं प्रकरण मी लिहीन. त्यात चतुराबाईचं नाव येईल आणि तुझं येईल. तू वाचायला पुन्हा येशील का, हे या पत्रात विचारत नाही. ते मी पाडव्यानंतर तुमची टोळी घरी आली की तिथं येऊन, तोंडानं विचारेन. नाही म्हणालीस तरी चालेल.

सोबत पार्सल आहे. शाळा-कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं म्हणून मला अकरा पुस्तकं मिळाली. आंधळ्या मुलीला छापील पुस्तकं देताना टाळ्या जोरात व्हायच्या. ती सगळी ट्रंकेत आहेत. एकही मला कुणी वाचून दाखवलं नाही, आणि मीही कुणाला म्हटलं नाही. ट्रक भरायला वेळ लागतो असं लिहिलंस, म्हणून हातांनी तोलून त्यातलं सगळ्यात जाड निवडलं. नाव काय, आत काय, मला माहीत नाही.

फाटकं नाही. कोरं आहे, अजून कुणी उघडलेलं नाही.

तुझी,
पंचफुला